स्मृतीची ती मालिका: ११७, १३६, ९०

सातारा-सांगलीकर मंडळी, जून २०२४ची दक्षिण आफ्रिकेविरुद्धची महिलांची एकदिवसीय क्रिकेट मालिका आठवतेय ना? बंगळुरूत भारताने ३-० अशी जिंकली. आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाने तीन डावांत ३४३ धावा केल्या.

माझ्या मते तिन्हींत पहिली खेळी सर्वांत मोलाची. ५ बाद ९९ अशी दैना झाली असताना तिने शेवटपर्यंत घाई केली नाही. १२७ चेंडूंत ११७. दीप्ती शर्माच्या ३७ आणि पूजा वस्त्रकारच्या नाबाद ३१ धावा नसत्या तर २६५ झालेच नसते. ही नावं आपण पटकन विसरतो. पदार्पणातच ४ बळी घेणारी आशा शोभनाही त्यातलीच.

दुसऱ्या सामन्यात १३६ करून स्मृतीने गोलंदाजीही केली आणि सुने लूसला बाद केलं, हा तिचा पहिला आंतरराष्ट्रीय बळी! हरमनप्रीत कौरच्या नाबाद १०३ धावांनी ३२५ झाले, तरी दक्षिण आफ्रिकेच्या वोल्वार्ट (नाबाद १३५) आणि काप (११४) यांनी घाम फोडला. शेवटच्या षटकात ११ हव्या असताना पूजाने सामना वाचवला. जिंकलो फक्त ४ धावांनी.

तिसऱ्यात ९० वर बाद. सलग तिसरं शतक हुकलं, हळहळ वाटलीच.

शफाली वर्माकडून मात्र निराशा. एकही मोठी खेळी नाही.

माझे गुण: स्मृती साडेनऊ, पूजा आठ, हरमनप्रीत साडेसात, शफाली चार. तुमचे किती?