निजामाच्या नगरीतील मूकपट

दिलसुखनगरवरून विजयवाड्याकडे जाणारा रस्ता पुढे रामोजी चित्रनगरीपाशी पोहोचतो. १९९६ साली उभी राहिलेली ही नगरी पाहावयास महाराष्ट्रातूनही अनेक कुटुंबे जातात. परंतु तिच्याही आधी सुमारे पाऊणशे वर्षे, चित्रपटाला वाचा फुटली नव्हती तेव्हा, हैदराबादेत एक चित्रसंस्था जन्मास आली होती. लोटस फिल्म कंपनी हे तिचे नाव, आणि धीरेंद्रनाथ गांगुली हे तिचे संस्थापक.

गांगुलींचा जन्म १८९३ चा. त्याच वर्षी अमेरिकेत एडिसनचे पहिले चित्रीकरणगृह तयार झाले. डांबरी कागदाने मढविलेली ती काळी खोली सूर्याच्या दिशेने रुळांवर फिरविता येई. छत उघडले की प्रकाश आत येई. मूकपटाला सूर्य हवा असे, तसाच धनकोही हवा असे. हिंदुस्थानात सूर्याची वाण नव्हती. धनको मात्र दुर्मिळ होता.

शांतिनिकेतनात शिकलेले गांगुली प्रथम हैदराबादेस आले ते कलाशाळेतील अध्यापक म्हणून. निरनिराळ्या वेषांतील स्वतःच्या छायाचित्रांचे पुस्तकही त्यांनी काढले. पुढे कलकत्त्यास ‘बिलेत फेरत’ हा विलायतेहून परतलेल्या तरुणाची थट्टा करणारा मूकपट त्यांनी निर्माण केला. तो १९२१ साली प्रदर्शित झाला. त्यानंतर ते पुनश्च हैदराबादेस आले. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचा आश्रय लाभला आणि १९२२ मध्ये लोटस कंपनी सुरू झाली. ‘इंद्रजित’, ‘ययाती’ यांसारखे पौराणिक मूकपट निघाले. ‘लेडी टीचर’सारखा सामाजिक विषयही हाताळला गेला. चित्रपट दाखविण्याची व्यवस्थाही गांगुलींनीच उभारली.

तीच त्यांना भोवली. १९२४ मध्ये त्यांनी मुंबईत तयार झालेला ‘रझिया बेगम’ हा मूकपट दाखविला. त्यात मुसलमान राणीचे हिंदू पुरुषावर प्रेम जडते. निजामांचा रोष झाला व गांगुलींना राज्य सोडण्याची आज्ञा झाली. चित्रपट त्यांचा नव्हता. पण कंपनी मात्र त्यांची बुडाली.

कोल्हापूरचे उदाहरण येथे बोधप्रद ठरते. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीवरही शाहू महाराजांचा लोभ होता. परंतु भांडवल तानीबाई कागलकर या गायिकेने पुरविले आणि १९२० च्या ‘सैरंध्री’ला प्रेक्षकांनी उचलून धरले. ती संस्था दशकभर टिकली. तिच्यात दामले, फत्तेलाल, शांताराम घडले आणि १९२९ मध्ये त्यांनी ‘प्रभात’ स्थापिली. शिष्य घडावयास संस्थेला आयुष्य लागते. लोटसला ते मिळाले नाही.

गांगुली मात्र खचले नाहीत. १९२९ मध्ये कलकत्त्यास त्यांनी नवी कंपनी काढली. पुढे नामांकित झालेले देवकी बोस तेथेच चित्रसृष्टीत आले. १९७५ सालच्या दादासाहेब फाळके पुरस्काराने गांगुलींचा गौरव झाला. राजाश्रयाने कलेचे रोप लवकर वाढते. पण एकाच हाताने घातलेले पाणी त्या हाताच्या मर्जीने थांबते. लोकाश्रय मंद असतो, परंतु तो एका आज्ञेने संपत नाही.