डॉक्टरांनी दिलेले पुस्तक

लहान मुलाला डॉक्टरांकडे न्यायचे ते वजन, लस आणि ताप यांसाठी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अमेरिकेत बॉस्टनच्या सिटी हॉस्पिटलमध्ये १९८९ साली या भेटीत चित्रपुस्तकाची भर पडली. बॅरी झुकरमन आणि रॉबर्ट नीडलमन हे बालरोगतज्ज्ञ व त्यांचे बालशिक्षणातील सहकारी यांनी ‘रीच आउट अँड रीड’ हा उपक्रम तेथे सुरू केला. येणारी बहुतेक कुटुंबे गरीब होती. प्रतीक्षाकक्षात ठेवलेली मुलांची पुस्तके नाहीशी होत. दुसऱ्या कोणी कपाटाला कुलूप घातले असते; या डॉक्टरांनी ओळखले, की पुस्तके घरी हवी आहेत, तर ती देऊनच टाकावीत.

मूळ पद्धतीत सहाव्या महिन्यापासून पाचव्या वर्षापर्यंत प्रत्येक नियमित तपासणीत मुलाला वयानुरूप नवे पुस्तक मिळत असे. शाळेत जाईपर्यंत घरात सुमारे दहा पुस्तके जमत. विशेष म्हणजे पुस्तक निघताना खाऊसारखे हातावर ठेवायचे नसते, तपासणीच्या आरंभीच द्यायचे असते. सहा महिन्यांचे बाळ ते तोंडात घालते (म्हणून तर पाने जाड पुठ्ठ्याची!). वर्षाच्या सुमारास ते चित्रावर बोट ठेवते, दीड वर्षाचे झाले की पाने उलटते, दोन वर्षांचे होता होता चित्रांची नावे सांगू लागते. नजर, बोटांची पकड, वाचा आणि आईशी असलेली जवळीक हे सारे डॉक्टरांना मिनिटभरात दिसते. वजनकाट्यावर ते उमटत नाही.

सल्ला अगदी थोडका असतो. अक्षरे गिरवून घ्यायची नाहीत. मुलाला मांडीवर घ्यावे, चित्र दाखवावे, प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी थांबावे. मूल कंटाळले की पुस्तक मिटावे. वाचता न येणाऱ्या आईलाही चित्रांवरून आपल्या बोलीत गोष्ट सांगता येते. एरवी कानाआड होणारे हे बोलणे डॉक्टरांच्या तोंडून आले की घरात मानले जाते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या अभ्यासात, पुस्तक मिळालेले पालक मुलांसोबत पुस्तके पाहत असल्याचे कितीतरी अधिक प्रमाणात सांगत होते. २०१४ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने जन्मापासूनच मुलांना वाचून दाखवण्याचा सल्ला बालवैद्यकाचा आवश्यक भाग ठरवला.

आपल्याकडे अशा भेटी मुळातच ठरलेल्या आहेत : लसींसाठी सहा, दहा, चौदा आठवडे, नऊ महिने, पुढे दीड-दोन वर्षे आणि पाचवे वर्ष. दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. पण मोबाइल काढून घेतलेल्या हातात द्यायचे काय? आजी-आजोबांची मांडी आपल्या अनेक घरांत आजही आहे. उणीव असते ती जाड पानांच्या दोन-चार पुस्तकांची. बारशाला चांदीच्या वाट्या पुष्कळ येतात. त्यांच्या शेजारी एक चित्रपुस्तक सहज मावेल, आणि पेढीवरून परतलेल्या वडिलांना जेवणापूर्वी त्यातली चार पाने मुलाला दाखवायला दहा मिनिटे पुरतील.