छोटा हत्ती गारठतो तेव्हा

डिझेलची गाडी सकाळी चालू होत नसेल तर आधी मागे जाऊन सायलेन्सरकडे बघावं. एकाने आत बसून सेल्फ मारावा, दुसऱ्याने बाहेर उभं राहून धूर बघावा. पांढरा धूर येतोय की धूरच नाही, एवढं कळलं की अर्धा आजार कळला. पण हे कोणी करत नाही. दहा वेळा चावी फिरवून बॅटरी पार बसवायची आणि मग मिस्तरीला फोन लावायचा, हा आपल्याकडचा शिरस्ता.

खान्देश म्हटलं की बाहेरच्या माणसाला मे महिन्यातले 45 अंश आठवतात. डिसेंबर-जानेवारीत याच जळगावचा पारा 10 अंशांच्या खाली उतरतो आणि धुळ्यात त्याहूनही खाली जातो, हे इथे राहणाऱ्यालाच माहीत. भरताच्या वांग्यांचा हाच मोसम. पाचोऱ्यातून भाजीपाला पहाटेच बाजारात पोचवायचा असतो, दुधाचे कॅन उचलायचे असतात, भाडं ठरलेलं असतं. नेमका अशा वेळी छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस टेम्पो, अंगणात घुरघुरतो, दोनचार ढेकरा देतो आणि गप्प बसतो. शेजारचा कानटोपी सावरत विचारतो, "काय व्हयनं भो?" उत्तर ठरलेलं, "बॅटरी बसली ना." बॅटरी बसलेली असतेही, पण बऱ्याचदा ती उगाच सेल्फ मारून मारून बसवलेली असते. मूळ दुखणं वेगळंच असतं.

पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पडते, डिझेलच्या गाडीत नाही. रुडॉल्फ डिझेलने 1892 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि 1897 मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला त्याचं इंजिन यशस्वीपणे चाललं. त्यातली कल्पना एवढीच की हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापावी आणि त्या तापल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटावं. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड गरम लागतं, ते याच कारणाने. इंजिनात हवा जवळजवळ विसाव्या हिश्शात कोंबली जाते आणि कागदावरच्या हिशेबाने ती पाचशे अंशांच्या पुढे जाते. डिझेल पेटायला त्याच्या निम्मंही तापमान पुरतं. मग अडतं कुठे?

अडतं ते लोखंडापाशी. रात्रभर गारठलेलं सिलिंडरचं लोखंड दाबल्या हवेतली उष्णता लगेच शोषून घेतं. त्यात पहाटे ऑइल घट्ट झालेलं असतं, बॅटरीची ताकद उतरलेली असते, म्हणून इंजिन संथ फिरतं. संथ फिरलं की हवेला उष्णता गमवायला वेळही जास्त मिळतो आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून हवा निसटतेही. शिवाय आत शिरणारी हवाच थंड. सुरुवातीला 30 अंशांचा फरक असला तर दाबल्यानंतर तो अडीच-तीनपट होतो. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी आणि जानेवारीच्या पहाटे, इंजिन तेच असलं तरी आतल्या हवेत शंभरेक अंशांची तफावत पडू शकते. चांगल्या इंजिनाला ती जाणवत नाही. घासलेल्याला जाणवते.

छोट्या हत्तीला ती जास्त जाणवते, त्यालाही कारण आहे. टाटा एस ही गाडी 2005 मध्ये आली, तेव्हा तिच्यात 702 सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं. त्यात डिझेल थेट पिस्टनवर न फवारता आधी बाजूच्या एका छोट्या कप्प्यात फवारलं जातं, तिथे पेट घेतं आणि मग मुख्य सिलिंडरमध्ये येतं. या रचनेने इंजिनाचा आवाज आणि धक्का कमी होतो, पण कप्प्याच्या भिंती वाढतात आणि भिंती वाढल्या की उष्णता पळायच्या वाटाही वाढतात. म्हणून अशा इंजिनाला थंडीत बाहेरून ऊब लागतेच. मोठ्या पिकअपांची थेट फवाऱ्याची इंजिनं इथल्या थंडीत बऱ्याचदा तशीही चालू होतात, त्यामुळे त्यांचे ऊब देणारे हीटर प्लग वर्षानुवर्षं जळालेले राहिले तरी मालकाला पत्ता नसतो.

बाहेरून ऊब द्यायची युक्ती शेतकऱ्याला गाडीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात 1946 मध्ये उभी राहिली आणि पुढच्या काळात विहिरीवरच्या मोटेची जागा इंजिनाने घेतली. थंडीच्या सकाळी हे इंजिन हँडलला दाद देत नसे. मग कॉम्प्रेशन सोडायची दांडी वर करायची, हँडल जोरात फिरवून चाकाला गती द्यायची आणि एकदम दांडी पाडायची. तरीही नाही जमलं तर डिझेलमध्ये बुडवलेला चिंधीचा बोळा पेटवून हवेच्या तोंडाशी धरायचा. आत जाणारी हवा गरम झाली की इंजिन दोन उचक्या देऊन धडधडू लागे. गाडीतला हीटर प्लग हेच काम चिंधीशिवाय करतो.

प्लग दिसायला पेन्सिलीएवढा. पोलादाच्या बारीक नळीत तापणाऱ्या तारेचं वेटोळं, भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची ठासून भरलेली पूड. टोक त्या कप्प्यात डोकावतं. चावी एक घर फिरवली की रिलेतून वीज येते आणि काही सेकंदांत टोक आठशे-नऊशे अंशांपर्यंत जाऊन लालभडक होतं. त्यासाठी सुरुवातीला एकेक प्लग दहा-पंधरा अँपिअर, कधी त्याहून जास्त ओढतो. घरातल्या वायरिंगच्या मानाने हा आकडा मोठा आहे. म्हणूनच एखादा गंजका नट किंवा सैल टर्मिनल इथे सगळा खेळ बिघडवतो. तारेत वीज असते, पण प्लगपर्यंत पुरेशी पोचत नाही.

आता हीटरच्या दिव्याबद्दल. डॅशबोर्डवर वेटोळ्याच्या खुणेचा पिवळा दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांबायचं असं प्रत्येक ड्रायव्हरला शिकवलेलं असतं. शिकवण बरोबर आहे, समजूत चुकीची. बहुतेक जुन्या गाड्यांत तो दिवा टायमरचा आहे. इतके सेकंद झाले, आता सेल्फ मारा, एवढंच तो सांगतो. सगळे प्लग जळालेले असले तरी तो शहाण्यासारखा लागतो आणि वेळेवर विझतो. दिव्यावर विश्वास ठेवून "हीटर तर चांगले आहेत" म्हणत बॅटरी बदललेले, मग स्टार्टर उघडलेले आणि शेवटी पंप कॅलिब्रेशनला धाडलेले किती तरी गाडीवाले सापडतील. पंप उतरवला की खर्च हजारांत जातो. प्लग काही शे रुपयांत येतो.

म्हणून पुन्हा धुराकडे येऊ. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरमध्ये पोचतंय, फक्त पेटत नाही. म्हणजे ऊब कमी आहे. पंपाला, फिल्टरला हात लावायचं काम नाही. गाडी चालू झाली पण थरथरतेय, एक सिलिंडर मिस मारतोय आणि दोनेक मिनिटांनी आपोआप सुरळीत होतेय, असं असेल तर दोनपैकी एकच प्लग मेलेला असण्याची शक्यता मोठी. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर मात्र गोष्ट हेड गॅस्केटपर्यंत गेली, ती वेगळी कथा.

आणि धूरच नसेल, इंजिन नुसतं फिरतंय, तर डिझेल वर चढलेलं नाही. रात्रीत रबरी पाइपच्या चिरेतून हवा शिरते आणि डिझेल टाकीकडे परततं. मिस्तरी याला एअर धरली म्हणतात. हातपंपाने डिझेल चढवून, बुडबुडे संपेपर्यंत फिल्टरवरचा स्क्रू सैल ठेवून एअर काढली की काम होतं, पण चीर शोधली नाही तर दुसऱ्या दिवशी तेच. फिल्टरच्या तळाचं पाणीही काढून टाकावं. कॉमन रेलच्या नव्या गाड्यांत पुढच्या नळ्या मात्र कधीही सैल करू नयेत. तिथला दाब हजार बारच्याही वर जातो आणि डिझेलची ती धार कातडी फोडून आत शिरते.

चांगला मिस्तरी प्लग कसा तपासतो ते जवळून पाहण्यासारखं असतं. तो आधी मल्टिमीटर बॅटरीला लावतो. रात्रभर उभ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीला 12.6 व्होल्टच्या आसपास दिसले पाहिजेत आणि सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली घसरता कामा नये. मग चावी एक घर फिरवून रिलेचा टक आवाज ऐकतो. मग प्लगांच्या डोक्यावरून जाणाऱ्या पट्टीवर व्होल्ट बघतो. बॅटरीवर 12 आणि पट्टीवर 8 असतील तर प्लग निर्दोष आहेत, चोर वाटेत आहे: रिले, फ्यूज, नाहीतर इंजिनाची अर्थ पट्टी. पट्टीवर पुरेसे व्होल्ट असतील तरच तो दहाचा पाना काढतो आणि पट्टी सोडवतो. अर्धवट शिकलेला इथेच चुकतो. पट्टी न काढता मोजलं की सगळे प्लग एकमेकांना जोडलेले असतात आणि चांगल्या प्लगचा आकडा मेलेल्याच्या नावावर जमा होतो. पट्टी काढल्यावर एकेका प्लगच्या टोकापासून इंजिनाच्या लोखंडापर्यंत मोजायचं. जिवंत प्लग एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. मीटर नसलेला जुना माणूस बॅटरीच्या प्लसची तार प्लगच्या डोक्याला क्षणभर टेकवून बघतो. चटकन दणदणीत ठिणगी उडाली तर प्लग वीज ओढतोय. पद्धत खरी आहे, पण डिझेल सांडलेल्या जागी ती करू नये.

प्लग मेला हे कळल्यावर घाई नडते. वर्षानुवर्षं काजळीत बसलेला प्लग थंड इंजिनात पाना लावून झटक्यात फिरवला तर तो मधूनच तुटतो आणि टोक आत राहतं. मग हेड उतरवण्याची वेळ येते. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल सोडावं, धक्का मारून का होईना इंजिन चालू करून तापवावं आणि मग हलक्या हाताने, थोडं पुढे थोडं मागे करत काढावं. नवा बसवतानाही जोर लावायचा नाही. आणि प्लगांची जोडी एकदमच बदलावी. एक गेला तर दुसरा तेवढ्याच वयाचा असतो.

हवेच्या तोंडात फवारायचा इथरचा स्प्रे हा आणखी एक सोपा उपाय लोक सुचवतात. हीटर प्लग असलेल्या इंजिनात तो अजिबात वापरू नये. लाल झालेल्या टोकाला इथर लागलं की ते वेळेआधीच भडकतं आणि पिस्टन किंवा रिंग फुटते. विहिरीवरच्या इंजिनाला बोळा दाखवणं वेगळं आणि हे वेगळं.

डिझेल स्वतःच गोठलं असेल का, असंही कोणीतरी विचारतंच. पाचोऱ्यात त्याची भीती नाही. भारतीय मानकाप्रमाणे हिवाळी डिझेल 6 अंशांपर्यंत फिल्टरमधून गेलंच पाहिजे. उन्हाळी डिझेलला हीच मर्यादा 18 अंशांची आहे, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये भरून ठेवलेल्या बॅरलमधलं डिझेल जानेवारीत थोडं त्रास देऊ शकतं. खरं गोठणं लडाखमध्ये. तिथे इंडियन ऑइलने नोव्हेंबर 2019 मध्ये पानिपत रिफायनरीतलं उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं.

अशा मुलखात प्लग पुरत नाही. जर्मनी, कॅनडा, नॉर्वेकडच्या कामाच्या व्हॅनमध्ये इंजिनाशेजारी डिझेलवर चालणारा पाण्याचा हीटर बसवलेला असतो. वेबास्टो आणि एबरस्पेशर या दोन जर्मन कंपन्यांची त्यात मोठी नावं. तो म्हणजे डिझेलवरचा बंबच. छोटा पंप टिकटिक करत थेंबाथेंबाने डिझेल सोडतो, तापलेली पिन ते पेटवते, पंखा हवा देतो आणि ज्योत रेडिएटरचं पाणी तापवते. ते पाणी इंजिनात आणि केबिनमध्ये फिरतं. ड्रायव्हर येईपर्यंत इंजिन कोमट. बिघडला की त्याचीही तीच पंचाईत आणि शोधायची वाटही तीच. पंखा फिरतो, टिकटिक ऐकू येते, पांढरा धूर येतो पण ज्योत धरत नाही, तर पिनपर्यंत वीज कमी पोचतेय नाहीतर आत काजळी साचलीय. टिकटिक आहे पण धूर नाही, तर नळीत हवा आहे. ज्योत दिसली नाही की यंत्र एकदा पुन्हा प्रयत्न करतं आणि मग स्वतःला कुलूप लावून घेतं. तिथला गाडीवाला वैतागून बटण दाबत राहतो, आपला चावी फिरवत राहतो. हा बंब उन्हाळ्यातही महिन्यातून दहाएक मिनिटं पेटवावा लागतो, नाहीतर पंप अडकतो आणि पहिल्या बर्फाच्या दिवशी दगा देतो.

आपल्या प्लगांना एवढ्या कौतुकाची गरज नाही. दिवाळीच्या आधी गाड्या धुवायला आणि सर्व्हिसिंगला गॅरेजवर येतातच. त्याच वेळी पट्टी काढून प्लग मोजायला सांगावं, टर्मिनल घासून घट्ट करायला सांगावं. अर्ध्या तासाचं काम आहे. दिवाळीनंतर गारठा पडला की गॅरेजच्या दारात पांढरा धूर सोडणाऱ्या गाड्यांची रांग लागते आणि मिस्तरीकडे पट्टी काढून मोजायला वेळ उरत नाही. मग तो मोजल्याशिवाय जोडी बदलतो आणि रिले तसाच राहतो.