पोलादाचं काम प्लास्टिकच्या पत्र्यात

1944 च्या जुलैत नॉर्मंडीतले अमेरिकन रणगाडे जर्मन तोफांनी जेवढे रोखले, तेवढेच तिथल्या शेतांच्या बांधांनीही रोखले. पिढ्यान्‌पिढ्या साचलेली माती, तिला आवळून धरणारी झाडांची मुळं आणि वर दाट झाडोरा असे ते बांध होते. शर्मन रणगाडा त्यावर चढू लागला की त्याचं तोंड आभाळाकडे व्हायचं आणि पोटाखालचा पातळ पत्रा समोरच्या शत्रूला आयता मिळायचा.

यावर तोडगा काढला तो एका सार्जंटनं. 102 व्या कॅव्हलरी रेकनिसन्स स्क्वॉड्रनमधल्या कर्टिस क्युलिननं रणगाड्याच्या पुढच्या बाजूला पोलादी दात जोडले, म्हणजे रणगाडा बांधावर न चढता सरळ त्यात घुसेल. कल्पना आपली नसून टेनेसीच्या रॉबर्ट्स नावाच्या सैनिकाची, असं तो मोकळेपणानं सांगत असे. दातांसाठी लागणारं पोलाद आणलं किनाऱ्यावरून. दोस्तांच्या फौजांना अडवायला जर्मनांनी तिथे जे लोखंडी अडथळे रोवले होते, तेच गॅस कटरनं कापले. 14 जुलैला जनरल ब्रॅडली यांनी प्रात्यक्षिक पाहिलं. 25 जुलैला ‘ऑपरेशन कोब्रा’ सुरू झालं तोवर त्यांच्या फर्स्ट आर्मीतल्या दर पाचांपैकी तीन रणगाड्यांना असे दात बसले होते.

आता या रणगाड्याची प्रतिकृती करायची आहे. किटच्या खोक्यात साधारणपणे मिळतो तो कारखान्यातून बाहेर पडलेला शर्मन. लढाईवर गेल्यावर त्याला काय काय जोडलं, काय तुटलं, काय वाकलं, ते आपण करायचं. दातांचे तयार भाग रेझिनमध्ये किंवा थ्रीडी प्रिंटरवर काढलेले मिळतात. तरीही हा भाग स्टायरीनच्या कोऱ्या पत्र्यातून स्वतः कापावा, असं मी आग्रहानं सांगेन. विकत आणलेल्या भागातून आकार हाती लागतो. तो आकार तसाच का झाला, हे मात्र कापताना उमगतं.

हे प्लास्टिक दिसतं त्याहून जुनं आहे. बर्लिनचे औषधविक्रेते एडुआर्ड सिमोन यांनी 1839 मध्ये झाडाच्या स्टोरॅक्स नावाच्या डिंकातून एक तेलकट द्रव वेगळा काढला आणि तो ठेवला की घट्ट होतो हे नोंदवलं. जर्मनीत त्याचं कारखानी उत्पादन 1930 च्या दशकात सुरू झालं. इंग्लंडच्या एअरफिक्सनं 1950 च्या दशकात ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाचं किट वूलवर्थच्या दुकानांतून स्वस्तात विकलं आणि हे प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, घराघरांत पोचलं. रणगाड्यांचं 1/35 हे प्रमाण मात्र जपानच्या शिझुओकामधल्या तामियाचं. बॅटरी आत मावाव्यात एवढ्या आकाराचा पँथर त्यांनी केला. तो खपला, म्हणून त्याच मापात इतर देशांचे रणगाडेही काढावेत असं ठरलं, आणि मोजल्यावर तो मूळ पँथरच्या साधारण 35 वा हिस्सा निघाला. जगभरचे मॉडेलकार आजही ज्याचा हिशोब करतात तो आकडा बॅटरीच्या मापातून आला आहे!

तर हिशोब. चेक बनावटीच्या या लोखंडी अडथळ्यांचा प्रमाणित अँगल 140 बाय 140 मिलिमीटर, जाडी 13. त्याला 35 नं भागलं की 4 मिलिमीटरच्या दोन बाजू आणि 0.37 जाडी. इंचाच्या पंधरा सहस्रांश जाडीची, म्हणजे 0.38 मिलिमीटरची शीट बाजारात मिळते. याहून जवळचं माप कशाला हवं? तयार अँगलच्या पट्ट्याही मिळतात, पण त्यांची जाडी आपल्या हिशोबात बसेलच असं नाही.

स्टायरीन आरपार कापत नाहीत. स्टीलच्या पट्टीला लावून कटर दोन-तीनदा हलक्या हातानं ओढायचा आणि रेघेवर शीट वाकवायची. ती सरळ तुटते. एक पट्टी 4 मिलिमीटरची, दुसरी 3.6 ची, कारण दुसरीची कड पहिलीच्या पृष्ठभागावर टेकते आणि पहिलीची जाडी मापात धरावी लागते. कटर फिरतो तिथे दोन्ही बाजूंना प्लास्टिकची बारीक कड उचलली जाते. ती पात्यानं खरवडली नाही तर सांधा कधीच बसत नाही.

मग दोन्ही पट्ट्या गुण्याला टेकवून काटकोनात धरायच्या आणि द्रावणात बुडवलेल्या ब्रशचं टोक सांध्याला नुसतं लावायचं. पातळ द्रावण आपणहून फटीत ओढलं जातं. हा डिंक नव्हे. ॲसिटोन, ब्युटॅनोन अशी द्रावकं दोन्ही पृष्ठभाग विरघळवतात, तिथले रेणू एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून जातं आणि एकच तुकडा उरतो. म्हणजे हे वेल्डिंगच. खिडकी उघडी हवी, आणि सांधा रात्रभर तसाच ठेवायला हवा. घाईनं पॉलिशपेपर मारला तर पुढे तिथे खळगा पडतो.

एवढ्यानंही तो लोखंडी अँगल वाटत नाही. रोलिंग मिलमधून निघालेल्या अँगलचा आतला कोपरा धारदार नसतो, तिथे किंचित गोलाई असते. किटच्या चौकटीचे, म्हणजे स्प्रूचे, तुकडे द्रावणात विरघळवून केलेली दाट पेस्ट त्या कोपऱ्यात भरली की ती गोलाई येते. मग दात तिरके कापायचे आणि कड मुद्दाम थोडी ओबडधोबड ठेवायची, कारण मूळ दात गॅस कटरनं घाईत कापलेले होते. वेल्डिंगच्या रेघेसाठी स्प्रू मेणबत्तीवर मऊ करून ओढायचा. त्याची 0.3 मिलिमीटरची तार निघते, म्हणजे प्रत्यक्षातली साधारण 10 मिलिमीटरची वेल्ड. ती सांध्यात ठेवून वर द्रावण फिरवायचं आणि मऊ पडली की पात्याच्या टोकानं जवळजवळ ठसे उमटवायचे. वेल्डरचा हात जसा पुढे सरकतो तशी ओळ तयार होते. पूर्ण काम केल्यावर एक गोष्ट नक्की समजते: पट्टी कुठे तिरकी लावायची, आधाराचा तुकडा कुठे द्यायचा, हे प्रश्न त्या वेल्डरपुढेही होते, आणि त्यानं ते तोफांच्या आवाजात सोडवले.

आपल्याकडे आयात शीट महाग पडते. दह्या-आइस्क्रीमचे डबे चालतात, पण तळाच्या त्रिकोणात 6 आकडा पाहून घ्यावा. 5 असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. त्याला हे द्रावण धरत नाही.

आणि करण्यासारखं काम आपल्याच इतिहासात पडून आहे. 1965 च्या सप्टेंबरात असल उत्तरच्या लढाईत डेक्कन हॉर्सचे शर्मन पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांसमोर उभे होते. भारतीय लष्करानं काही शर्मनवर फ्रेंच बनावटीची 75 मिलिमीटरची तोफ बसवली होती. अमेरिकन किटची तोफ तिथे चालणार नाही. नळी आणि तिच्या बुडाशी असलेलं कवच घडवावं लागेल. आराखडे हाती नसतील तर छायाचित्रावरून माप काढता येतं. शर्मनचं चाक 20 इंचाचं, म्हणजे 508 मिलिमीटर, आणि 1/35 मध्ये साडेचौदा. रणगाडा बरोबर बाजूनं टिपलेलं छायाचित्र घ्यायचं आणि चाक साडेचौदा मिलिमीटर भरेल एवढं मोठं किंवा लहान करून छापायचं. मग तोफेची लांबी कागदावरूनच व्हर्निअरनं मोजता येते, मात्र नळी कॅमेऱ्याला समांतर हवी. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलात तर व्हॅलेंटाइन, चर्चिल, पॅटन, विजयंत असे खरे रणगाडे उभे आहेत. त्यांच्या वेल्डिंगच्या रेघा जवळून बघा: कुठे रुंद, कुठे अरुंद, कुठे दुसऱ्यांदा भरलेल्या. हे कुठल्याही किटच्या सूचनापत्रात छापलेलं नसतं.