लघवीत रक्त, पण दुखत नाही

मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली खूण बहुधा लघवीतून जाणारे रक्त हीच असते. रंग फिकट गुलाबी, लालभडक किंवा तपकिरी, कधी गुठळ्याही. घात होतो तो दोन गोष्टींमुळे: दुखत काहीच नाही आणि एक-दोनदा दिसून रक्त आपोआप थांबते. मग ‘उष्णता झाली’ म्हणत धने-जिऱ्याचे पाणी सुरू होते, महिने निघून जातात. रक्त थांबले तरी तपासणी हवीच. (बीट किंवा क्षयावरच्या रिफाम्पिसिननेही लघवी लालसर होते, साध्या तपासणीत फरक कळतो.)

वारंवार लघवी, जळजळ ही जंतुसंसर्गाचीही लक्षणे. बायकांचे निदान त्यामुळेच अनेकदा लांबते. प्रतिजैविकांचा कोर्स संपूनही त्रास परतला, तर मूत्ररोगतज्ज्ञ गाठावा. सोनोग्राफी निर्दोष आली म्हणून दुर्बिणीची तपासणी टाळू नये. लहान, चपटी गाठ सोनोग्राफीत निसटू शकते.

या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण धूम्रपान, मग ती विडी का असेना. धुरातली विषारी द्रव्ये रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत उतरतात, मूत्राशयात तासन्‌तास साठून राहतात. धोका कामाच्या ठिकाणच्या रसायनांचाही असतो: रंगाच्या कारखान्यांतल्या कामगारांमध्ये हा आजार जर्मन शल्यविशारद लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच नोंदवला होता.