दृष्टीची पारख

फळ्यावरील बारीक अक्षरें बिनचूक वाचणारा एक विद्यार्थी संध्याकाळीं मैदानावरून परततांना पायऱ्यांवर वारंवार ठेंचाळत असे. आम्हीं त्यास धांदरट म्हणून बोल लाविला. पुढें कळलें कीं, दोष त्याच्या स्वभावाचा नसून आनुवंशिक नेत्ररोगाचा होता. ती चूक मनास लागल्यामुळें हा विषय आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

डोळ्याच्या आंतील पडद्यास दृष्टिपटल म्हणतात. आईबापांकडून आलेल्या एखाद्या जनुकांत दोष असल्यास ह्या पटलांतील पेशी हळूहळू निकामी होतात. रेटिनायटिस पिगमेंटोसा हा असाच एक रोग. त्यांत आरंभीं अंधुक उजेडांतील दृष्टि जाते, मग बाजूचें दिसेनासें होतें. समोरची दृष्टि मात्र पुष्कळ वर्षें टिकूं शकते. म्हणून डच वैद्य स्नेलेन ह्यांनीं १८६२ सालीं काढलेला अक्षरांचा तक्ता असा रोगी सहज वाचूं शकतो.

मग उपचारानें गुण आला, हें सिद्ध कसें करावें? अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथील संशोधकांनीं आरपीई६५ ह्या जनुकाच्या दोषामुळें येणाऱ्या अंधत्वावर जनुकोपचार योजिला, तेव्हां हाच प्रश्न उभा राहिला. त्यांनीं जमिनीवर बाण व अडथळे मांडून एक वाट तयार केली आणि रोग्यांस १ पासून ४०० लक्सपर्यंतच्या निरनिराळ्या उजेडांत तीवरून चालविलें. मुख्यतः ह्या परीक्षेच्या आधारें डिसेंबर २०१७ मध्यें त्या उपचारास अमेरिकेंत मान्यता मिळाली.

परंतु अशा वाटेस जागा लागते, आणि ती पाठ होऊं नये म्हणून मांडणी पुनःपुन्हा बदलावी लागते. ह्यावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांतील संशोधकांनीं व्हर्चुअल रिॲलिटीचा, म्हणजे आभासी वास्तवाचा, उपाय काढला. डोळ्यांवर यंत्र चढवितांच रोग्यापुढें वाट व अडथळे उभे राहतात. त्यांचा उजेड हवा तसा कमीअधिक करतां येतो, मांडणी क्षणांत पालटते, आणि आभासी खुर्चीस धडकलें तरी गुडघा फुटत नाहीं. किती वेळ लागला, किती वेळां धडक बसली, ह्याची नोंदहि होते.

हें यंत्र रोग बरा करीत नाहीं. डोळ्यांस किती दिसतें, एवढेंच तें सांगतें. पण दुःखाचें खरें माप कळल्यावांचून उपायाची पारख होत नाहीं.

पालकांस आमची विनंती आहे कीं, मूल तिन्हीसांजेस चांचपडत असेल तर रागें न भरतां त्यास नेत्रवैद्याकडे न्यावें. आणि विद्यार्थिमित्रहो, अंधारांत मागें राहणाऱ्या सोबत्यास हंसूं नका. त्याचा हात धरा.