हीरो कुणाला म्हणायचं?

एखादा पोरगा भररस्त्यात मोटारसायकल वेडीवाकडी पळवायला लागला, की आपण म्हणतो, ‘उगाच हीरोगिरी करू नकोस!’ तोच पोरगा विहिरीत पडलेल्या मुलाला बाहेर काढतो, तेव्हा म्हणतो, ‘हा खरा हीरो!’ एकाच शब्दात कौतुकही आहे आणि टोमणाही. सिनेमामुळे आपल्या घरात शिरलेला हा शब्द मूळचा ग्रीक. ‘हेरोस’ हे त्याचं मूळ रूप. इसवी सनापूर्वी सुमारे आठव्या शतकात रचल्या गेलेल्या होमरच्या ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ या महाकाव्यांत तो जागोजागी येतो.

गंमत अशी, की होमरचा हा हेरोस भला माणूस असलाच पाहिजे असं नाही. तो मोठ्या कुळातला, बलवान आणि रणात पुढे उभा राहणारा असला की झालं. त्याला दोन गोष्टी हव्या असतात. एक मान, म्हणजे लुटीतला वाटा आणि मेजवानीतली मानाची जागा. दुसरी कीर्ती. ग्रीक भाषेत तिला ‘क्लेओस’ म्हणतात. आपल्याबद्दल लोकांच्या कानी जे पडत राहतं, ते क्लेओस. मरण कुणाला चुकलेलं नाही, मग निदान गाण्यात तरी उरावं, हा त्याचा हिशेब.

अकिलीसपुढे तर ही निवड उघडच आहे. घरी परतला तर दीर्घायुष्य, पण नाव उरणार नाही. ट्रॉयपुढे लढत राहिला तर लवकर मरण, पण कीर्ती अमर. त्याच्या वाट्याला आलेली बंदिवान स्त्री ॲगॅमेम्नॉन हिरावून घेतो. या अपमानानं रागावून अकिलीस युद्धातून बाजूला होतो आणि त्याच्या रागापायी त्याचेच सोबती मरतात. जिवलग मित्र पॅट्रोक्लसही मारला जातो, तेव्हा तो हेक्टरला ठार करून त्याचं प्रेत रथामागे फरफटत नेतो.

पण होमर इथं थांबत नाही. ‘इलियड’च्या 24व्या सर्गात हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम रात्री शत्रूच्या छावणीत येतो. ज्या हातांनी मुलगा मारला, त्याच हातांचं चुंबन घेऊन प्रेत मागतो. अकिलीसला आपला बाप आठवतो. दोघंही रडतात. अकिलीस प्रेत परत देतो आणि अंत्यविधीसाठी युद्ध थांबवण्याचं वचन देतो. हे काव्य विजयाच्या जल्लोषानं नव्हे, शत्रूच्या अंत्यसंस्कारानं संपतं. पुढे ‘ओडिसी’मध्ये मेलेला अकिलीस पाताळात भेटतो आणि सांगतो, मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या गरिबाच्या शेतावर मजुरी करत जगणं बरं. म्हणजे कीर्तीच्या हिशेबाबद्दलची शंका होमरनंच नोंदवून ठेवली आहे.

याच अकिलीसनं लेस्बॉस बेट जिंकलं होतं. तिथल्या स्त्रिया बंदिवान झाल्याचा उल्लेख ‘इलियड’च्या 9व्या सर्गात येतो. तेव्हा तो पराक्रमच होता. त्याच बेटाच्या किनाऱ्यावर 2015 साली रबरी होड्या येऊ लागल्या. सीरिया, अफगाणिस्तान, इराकमधून जीव वाचवून निघालेली माणसं तुर्कस्तानचा किनारा सोडून जेमतेम दहा किलोमीटरचा समुद्र ओलांडत होती. त्या वर्षी आठ लाखांहून अधिक लोक समुद्रमार्गे ग्रीसमध्ये पोहोचले, त्यांतले निम्म्याहून अधिक लेस्बॉसवर. स्काला सिकामिनियास या छोट्या गावातल्या कोळ्यांनी जाळी बाजूला ठेवून बुडणाऱ्यांना होडीत ओढून घेतलं. गावातल्या आज्या ओल्याचिंब आयांची तान्ही लेकरं मांडीवर घेऊन बसल्या. तिथल्या अनेक घरांतली मागची पिढी 1922च्या सुमारास समोरच्याच किनाऱ्यावरून निर्वासित होऊन आली होती. निर्वासित म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. 2016च्या नोबेल शांतता पुरस्कारासाठी या बेटावरच्या एका आजीचं आणि एका कोळ्याचं नाव सुचवलं गेलं. पुरस्कार मात्र दुसऱ्याला मिळाला.

दोन्ही काळांत धोका पत्करणं समान आहे. बदलला तो प्रश्न. तेव्हा विचारत, ‘किती जणांना मारलं?’ आज आपण विचारायला हवं, ‘किती जणांना तारलं?’ आणखी एक फरक आहे. होमरच्या जगात कुणी गायलंच नाही, तर वीराचं सारं फुकट. लेस्बॉसच्या आजीचा फोटो कुणी काढला नसता, तरी तिच्या मांडीवरच्या बाळाला ऊब तेवढीच मिळाली असती.